ओल्या हातानं धरलेलं लोखंड

जामखेड, १० डिसेंबर २०२३

चि. अमृतास आत्याचे अनेक आशीर्वाद.

लडाखहून तुझं पत्र पोचलं. तुमच्या चौकीवर मोबाईल लागत नाही, तेव्हा कागदच बरा. बर्फाचा कडा कोसळून तुझ्याच तुकडीतला आपल्या गावचा बन्सी दरीत गेला, आणि आता तो तिन्हीसांजेला बराकीबाहेरून तुला हाका मारतो, हे वाचून माझा जीव थाऱ्यावर नाही. वेशीवरच्या चिंचेला भिऊन माझा पदर धरणारा तू, फौजी झालास तरी तसाच!

ऐक. ओ देऊ नकोस. हातपाय धू आणि लोखंड घट्ट धर. लोखंडाजवळ भूत येत नाही. बन्सीची आई पुष्पावती जेवत नाही, नुसती दाराकडे बघत बसते.

माया आहेच, तिच्यापेक्षा काळजी जास्त.

तुझी,
आक्काबाई आत्या

लडाख, ४ जानेवारी २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

डाव्या हातानं लिहितोय, अक्षराला हसू नकोस. परवा हाक आली. तू सांगितल्याप्रमाणे हात धुतले आणि दाराबाहेरचा लोखंडी खांब धरला. हात सुटेचना! डॉक्टरसाहेब म्हणाले, या थंडीत लोखंड हाताची ऊब झपाट्यानं ओढून घेतं, ओल्या कातडीवरचं पाणी क्षणात गोठतं आणि तो बर्फच हात चिकटवून टाकतो. अशा वेळी कोमट पाणी ओतायचं, हिसका द्यायचा नाही. मी हिसका दिला. तळहाताची कातडी खांबालाच राहिली.

साहेबांना एक सांगितलं नाही. माझे पाय बन्सी पडला त्या दरीकडे निघाले होते. हिसके देत होतो ते बन्सीकडे जायला. हात सुटेपर्यंत हाक थांबली, म्हणून वाचलो. आत्या, मला भीती वाटते. पुन्हा हाक आली तर?

आशीर्वादाचा हात डोक्यावर असावा.

तुझा अमृत

जामखेड, १९ जानेवारी २०२४

चि. अमृतास अ. आ.

माझ्या शहाणपणानं तुझा हात सोलला रे. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. हातमोजे काढू नकोस, तिन्हीसांजेला एकटा राहू नकोस, आणि हाकेचं सगळं आजच डॉक्टरसाहेबांना सांग. तुला माझी शपथ.

काल पुष्पावती आली होती. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं, डॉक्टरांचं तेवढं गाळून. तिनं एवढंच विचारलं, की हाक कुणाचीही असो, तुला दरीत जाऊ न देता ज्यानं धरून ठेवलं, तो तिचा बन्सीच ना? मी हो म्हणाले. मग ती माझ्याकडे अर्धी भाकरी जेवली.

सुट्टीवर आलास की ती तुझा तळहात हातात घेऊन बसेल. तेव्हा हात बर्फानं चिकटला होता, हे बोलू नकोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
आत्या