उजवीकडं ओढणारी जीप

गोरेगाव (ता. सेनगाव),
८ फेब्रुवारी २००४

प्रिय रणजीत,

तुझ्या जीपचा पुढचा उजवा टायर तुला खरा केवढ्याला पडला, ते आज मांडून बघितलं. एका लग्नसराईत दोन टायर गेले, तेराशेचा एक. त्यापायी गाडी चार दिवस माझ्या दुकानापुढं उभी राहिली, म्हणजे सेनगावच्या सोळा फेऱ्या बुडाल्या. डावा टायर मात्र कोराच्या कोरा. हे तेव्हाच मांडलं असतं तर मला पुढचं दिसलं असतं. पण तेव्हा मला लोकांना चकित करायची हौस होती.

तुला आठवत असेल. फाट्यावर जीप हळू झाली की पत्र्याखाली चहा पिता पिता, मान वर न करता मी नुसत्या आवाजावरून सांगायचो, ही किसनसिंगची गाडी, मागचं डावं चाक घासतंय. ड्रायव्हर पैजा लावायचे आणि हरायचे. चौथीच्या पुढं शाळा नाही, नांदेडच्या गॅरेजात सात वर्षं दुसऱ्याचे पाने पुसले, आणि गावात येऊन स्वतःची पाटी लावली. तीन तालुक्यांत ब्रेक म्हटलं की उकंडराव, असं मीच सांगत फिरायचो. तू तर तांड्यावर सगळ्यांना म्हणायचास, उकंडभाऊसंगं गाडी बोलते.

त्या लग्नसराईच्या सुरुवातीला, मार्गशीर्षात, तुझ्या पुढच्या डाव्या चाकातून ब्रेकचं ऑइल गळत होतं. चाकातलं जे छोटं सिलिंडर ब्रेक दाबतं, ते गेलं होतं. नवं नांदेडहून मागवावं लागणार होतं, आणि तुला दुपारी वऱ्हाड घेऊन कुरुंद्याला निघायचं होतं. "भाऊ, नवरी बसून हाय गाडीत, कायबी कर," म्हणालास. मग मी आपल्याकडं सगळेच मिस्त्री करतात ते केलं. त्या चाकाला जाणारा ऑइलचा पाइप दुमडला आणि हातोड्यानं ठोकून बंद केला. गळती थांबली, पायडल कडक झालं, बाकीची तीन चाकं ब्रेक धरायला लागली. दोन दिवसांपुरतं चालतं. तू विचारलंस, "झालं का बराबर?" मी म्हणालो, झालं. तीनच चाकं धरतात असं सांगायला पाहिजे होतं. पण भोवती चार ड्रायव्हर उभे होते, आणि त्यांच्यादेखत उकंडरावचं काम अर्धं राहिलं असं मला म्हणवेना.

तिसऱ्या दिवशी सिलिंडर आलं. तू लग्नाच्या भाड्यांवर होतास. दारात दुसरी गाडी त्याच तकलिफीनं उभी होती, तिला ते बसवून टाकलं. आणि मग विसरलो. खरंच विसरलो, रणजीत. यापेक्षा बरं काही सांगायला माझ्याकडं नाही.

पुढं तू टायर घेऊन आलास. मी तळहात फिरवला. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधे झिजला तर हवा जास्त, एकच कड गेली तर चाक तिरपं. तुझा यातल्या कशातच बसत नव्हता. जागोजागी चट्टे पडले होते, चाक आवळून फरफटत नेल्यासारखे. म्हणजे ब्रेक, हे मला कळलं. म्हणून उजवं चाक खोललं. त्यात काहीच खोट निघाली नाही. डावं खोललंच नाही, कारण त्याचा टायर चांगला होता. सगळा भार एकटं उजवं ओढतंय म्हणून डावा टायर चांगला राहिलाय, हे नवशिक्यालाही सुचलं असतं. मी चाकं सरळ केली, उजवा टायर डावीकडं आणि डावा उजवीकडं घातला. महिन्याभरात दोन्ही सारखे दिसायला लागले. मी खूष.

तरीही तू म्हणालास की ब्रेक दाबला की गाडी उजवीकडं ओढते. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "गाडी काहून ओढंल रे? तुझाच हात तिकडं जातो. सासरवाडी तिकडंच हाय ना तुझी." सगळे हसले. तूही हसलास. पण त्या दिवसापासून तू गाडी चालवताना स्वतःच्या हाताकडं बघायला लागलास, ते मी पाहिलं होतं.

पुढच्या जूनमध्ये लेकीला, रीताला, दप्तर घ्यायला तू सेनगावला निघालास. जीप भरलेली, म्हणून लेकराला आपल्या उजव्या बाजूला बसवलंस, दाराकडं, जसं आपण सगळेच बसवतो. पुसेगावच्या पुढं पुलाजवळ म्हैस आडवी आली. तू जोरात ब्रेक दाबलास, जीप उजवीकडं ओढली गेली, आणि कठड्याला तीच बाजू लागली. बाकी कुणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही.

तू पोलिसांना सांगितलंस, "माझा हात उजवीकडं गेला." मी तिथंच उभा होतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी पायडल दाबून पाहिलं, कडक लागलं. मला म्हणाले, मिस्त्री, तुम्हीपण बघा. मी खाली गेलो. दुमडलेला पाइप बोटांना लागला. बाहेर आलो, हात पुसले, आणि बोललो, "बराबर हाय, साहेब."

तुझी शिला माहेरी गेली ती परत आली नाही. तू पुण्यात दुसऱ्याच्या इमारतीवर पहारा देतोस, स्टेअरिंगला हात लावत नाहीस. तुझा भाऊ वसराम दुकानात येतो, तुझं सांगतो, माझ्याजवळ बसून रडतो. जाताना म्हणतो, "भाऊ, तुमी हाव म्हणून बोलता तरी येतं." अडीच वर्षं मी ते ऐकून घेतलं.

काल तो सांगून गेला की वीस तारखेला तू कोर्टात गुन्हा कबूल करणार आहेस, वकिलाचंही ऐकत नाहीस. करू नकोस. हे पत्र माझ्या हातचं आहे, वकिलाला दे. असंच एक शिलाला आजच टाकलं. जीप अजून ठाण्याच्या आवारात पडून आहे, डाव्या चाकाचा पाइप बघायला सांग. मी वीसला येतो आणि उभा राहून सांगतो. तुझा हात सरळच होता. माफी मागत नाही, ती तुझ्याकडं तरी कुठून असणार. कोर्टात धंदा काय करता म्हणून विचारतील, तेही खरं सांगीन. रीता गेल्यापासून मी एकाही गाडीच्या ब्रेकला हात लावलेला नाही. पंक्चर काढतो.

तुझाच,
उकंडराव