कलाआत्यांना थँक्यू म्हणू नये

राजा पार्क, जयपूर
१२ फेब्रुवारी २००४

ती. सौ. सरोजिनीमावशीस,

मयूरीचा नमस्कार. तुझा गुडघा आणि काकांचा खोकला होते तिथेच असतील, वाढले नसतील, असं धरून चालते. मी ठीक आहे. तुझ्या नणंदबाई ठीक नाहीत, आणि त्याचं कारण मी आहे.

मला त्यांच्याकडे ठेवताना "कला फटकळ आहे, पण मनाने चांगली" असं तू म्हणाली होतीस. दोन्ही बरोबर निघालं. त्या चहा देतात, मी थँक्यू म्हणते. सांगानेरच्या आमच्या कागद कारखान्यात (तिथली यंत्रं मी बघते) सगळेच म्हणतात. मी बसच्या कंडक्टरलाही म्हणते (तो दचकून राहिलेले सुट्टे पैसे परत करतो). आत्यांनी बरेच दिवस ऐकून घेतलं. गेल्या आठवड्यात मला ताप होता. दुपारभर त्या कपाळावर पट्ट्या बदलत बसल्या, आणि मी डोळे उघडून थँक्यू म्हटलं. त्या ताडकन उठल्या. "मी काय नर्स आहे? बिल आणू?"

तेव्हापासून त्याच मला थँक्यू म्हणतात. मी जेवले, थँक्यू. नळ बंद केला, थँक्यू. आत्यांचे यजमान वसंतराव पेपरामागे हसतात, पेपर हलतो. मी बोलणंच बंद करून पाहिलं, तर "तोंडात गुळणी धरलीयेस का?"

शेवटी ऑफिसच्या इंटरनेटवर शब्दाचं मूळ शोधलं. 'थँक' आणि 'थिंक' ही एकाच घरातली भावंडं. म्हणजे मुळात, तुम्ही केलंत ते मी मनात ठेवीन, एवढंच. यात अपमानाला जागा नाही. हे मी पोळ्या चालू असताना समजावून सांगितलं (वेळ चुकली, मान्य). त्या म्हणाल्या, "आठवण मेलेल्यांची ठेवतात, पोरी. जिवंत माणसाला, मतलब, भाजी कशी झालीये ते सांगतात." भाजी आळणी होती. मी सांगितलं नाही.

आता कारखान्याजवळची कंपनीची खोली रिकामी झाली आहे, आत्यांनाही ते कळलं आहे. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. खोली सोयीची आहे, बसही वाचेल. तरी कागदावर 'हो' लिहायला बसते आणि उठून गच्चीवर जाते, खाली येते, पुन्हा जाते.

तुझी,
मयूरी

ता. क. मला इथेच राहायचं आहे. आत्यांना हे मला सांगता येणार नाही. तू त्या शनिवारच्या आत फोन करून विषय काढ. मी लिहिलंय म्हणून सांगू नकोस.

ता. क. २ आत्यांनी आत्ताच विचारलं, पत्र कुणाला? मी म्हटलं, मावशीला, तुमची तक्रार. "मग माझीही लिही. म्हणावं, पोरगी अर्धा चहा टाकते, ओल्या केसांनी बसमध्ये चढते, तापात गोळी घ्यायची विसरते. त्या खोलीत हिचं कोण बघणार?" शब्दशः उतरवलं आहे. त्या मला थांबवतायत असा माझा अंदाज आहे. तू त्यांना जास्त वर्षं ओळखतेस, तपासून कळव.