वाटून घेतलेल्या गोळ्या

अकोला
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय खुशी,

सप्रेम जयभीम. आम्ही ठीक आहोत. आईच्या गुडघ्याची सूज उतरली. रोज विहारापर्यंत चालून येते आणि आल्यावर आम्हाला उशिरा उठल्याबद्दल बोलते. आचल घटक चाचणीत गणितात कशीबशी निभावली.

पत्र पाहून हसशील. पण तुझा फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी तुझ्या सासूबाई. म्हणून हे पाकीट जीवनदादाच्या हाती पाठवते आहे. तो एसटीच्या ड्युटीवर अचलपूरला येतोच.

परवा फोनवर तू हळूच विचारलंस, "ताई, मी आतून सडली का वं?" आणि फोन ठेवलास. तिसरा महिना चालू असताना तू अनुपला दूर झोपायला लावतेस, औषधालाही गुण नाही म्हणून आता दवाखाना नकोच म्हणतेस. त्यावर मला काही सांगायचं आहे.

तू सांगितलेला तो वास, ते पांढुरकं पाणी मी एप्रिलमध्ये इथल्या डॉक्टरबाईंना माझं म्हणूनच सांगितलं. तूच म्हणाली होतीस, "अचलपुरात सारे ओळखतात, तू जा." गोळ्या घेऊन निघू, असं वाटलं होतं. पण बाई म्हणाल्या, "झोपा टेबलावर, पाहू द्या." आता खोटं पकडलं जाणार! त्यांनी तपासलं, कागदाच्या पट्टीवर पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, आहे तुम्हाला."

मलाही होतं, खुशी. आचल झाली तेव्हापासून. बाळंतपणानंतर बाईचं असंच असतं, असं मी धरून चालले होते.

चौदा गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ सात दिवस. औषधाच्या दुकानात देवीदास भाऊजी मोठ्याने म्हणाले, "वहिनी, कशासाठी लागते हे?" पुन्हा तिथे जायची हिंमत झाली नाही. सात मी ठेवल्या, सात तुला पाठवल्या. "एवढ्याच घ्यायच्या असतात," असं तुला मीच सांगितलं.

दोघींनाही चार दिवस बरं वाटलं. दोघींचंही परत आलं. औषध वाईट नव्हतं गं. ते अर्धंच पोटात गेलं होतं, तेही मी वाटलेलं.

काल जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग रागावल्या. "बोरं हायेत का हे, वाटून खायले?" मग शांतपणे समजावलं. कागदावर बॅक्टेरियल व्हजायनोसिस असं नाव लिहिलं. आत चांगले जंतू असतात, ते कमी झाले की दुसरे वाढतात. पुष्कळ बायकांना होतं. याचा अर्थ कुणी बाहेर गेलं, असा लावायचा नाही. डेटॉलच्या पाण्याने आतून धू, असं तुला मीच सांगितलं होतं ना? त्यानेच आणखी बिघडतं म्हणे. बाहेरून साधं पाणी पुरे.

औषधं दोन-तीन प्रकारची आहेत: पोटात घ्यायच्या गोळ्या, आत लावायचं जेल किंवा मलम. पूर्ण घेऊनही काहींचं परत येतं, मग बाई औषध बदलतात, नाहीतर जास्त दिवस देतात. मला या वेळी जेल दिलं आहे. तुझं त्यांनी न तपासता सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, की पोटात बाळ असताना असा त्रास अंगावर काढायचा नाही, कधीकधी दिवस भरायच्या आधी कळा येतात. या दिवसांत चालणारी औषधं आहेत, पण ती तपासणाऱ्या डॉक्टरनेच द्यायची.

वाचून घाबरू नकोस. रागाव मात्र. मोठी म्हणून तू माझं ऐकलंस आणि मी लाजेपायी तुला अर्धं औषध आणि अख्खं खोटं दिलं.

मंगळवारी मी गाडीने बडनेऱ्याला उतरून अमरावतीला येते. तू सकाळच्या एसटीने ये. तिथल्या डॉक्टरबाईंकडे अकराची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे, माझ्या नाही. सासूबाईंना सांग, तिसऱ्या महिन्याची तपासणी आहे. ते खरंच आहे. अनुपला मात्र सगळं सांग. तू सडलेली नाहीस, हे त्यालाही तुझ्याच तोंडून कळू दे.

आत गेल्यावर बोलायचं तू. बाईंनी विचारलं, आधी काय घेतलं होतं, तर माझ्याकडे बोट दाखव. मी तिथेच असेन.

तुझी चुकलेली,
संध्याताई