अपासाठी भाजलेलं मीठ

सोंकुल तळ्याकाठचं कुरण
११ ऑगस्ट २०२२

चि. जिपार हिस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. वि. वि.

आज सकाळपासून वारा आहे. घोड्यांचं दूध चार वेळा काढलं, पाचवं बाकी आहे. तुझ्या ओसमोन दाजीने तंबूची बाजू दोरीने आवळली. अपाला जाऊन आठ दिवस झाले, आईविना आठ दिवस. इथे फोन लागत नाही, म्हणून दुधाच्या ट्रकवाल्याकडे पत्र देते.

गावात तीन दिवस आपण शेजारी शेजारी बसून रडलो, पण माणसांत बोलता आलं नाही. तू कमरेतून वाकून बसायचीस. काकू म्हणत होती, की बघा, धाकटीचीच आईवर माया जास्त, थोरली कशी खांबासारखी ताठ. तुला सरळ बसवत नव्हतं, हे मला दिसत होतं.

विचारायचं ते वेगळंच आहे. अपाला शेवटची आंघोळ घालताना बायका कमी पडल्या, म्हणून पाणी ओतायला मला आत घेतलं. तिच्या मांड्यांवर आतल्या बाजूने वरपर्यंत निळ्या, गाठाळलेल्या शिरा होत्या. बोटाएवढ्या जाड. एवढ्या वर्षांत मी तिचा गुडघासुद्धा पाहिला नव्हता. मे महिन्यात तू ओटीपोटातल्या शिरांचं लिहिलं होतंस, ते हेच का?

आपण लहान असताना दूध काढून झालं की ती आडवी व्हायची. बाबा म्हणायचे, की घोडीसुद्धा उभ्याने झोपते, ही मात्र कधी उभी राहील तर शपथ. आपण हसायचो. मी जास्त हसायचे. अपाला कळलं होतं का तिला काय होतं ते? खरं ते लिही.

मुलांना पापे. माझ्यावर आहे ती माया तशीच ठेव.

तुझी एजे,
बुरुल

* * *

बिश्केक
१८ ऑगस्ट २०२२

ति. बुरुल एजेस धाकटीचा नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा उत्तर लिहून फाडलं. हे तुला सांगणार नाही, असं मी अपाला कबूल केलं होतं.

होय, तेच. मेमध्ये माझ्या तपासणीला अपा सोबत आली होती. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. आतल्या शिरांच्या झडपा बिघडतात, रक्त वर जायच्या ऐवजी खाली उतरून साचतं, शिरा फुगतात. दिवसभर उभं राहिलं की ओझं बांधल्यासारखं दुखतं, बाळंतपणागणिक वाढतं. अपा ऐकत होती. मग म्हणाली, की मलाही असंच व्हायचं. डॉक्टर म्हणाले, की तुमच्या वयाला ते बरंचसं कमी होतं. तिचं कमी झालं होतं, गेलं नव्हतं.

त्यांनी उपायही सांगितला. मानेच्या शिरेतून बारीक नळी आत घालायची आणि बिघडलेल्या शिरेत तारेची छोटी गुंडाळी सोडून ती बंद करायची. कापाकापी नाही, दुसऱ्या दिवशी घरी. अपाने विचारलं, की तार गंजत नाही का. डॉक्टर हसले. मग तिने विचारलं, की हे कधीपासून करतात. ते म्हणाले, की आपल्याकडे थोड्या वर्षांपासून, पण जगात तीसेक वर्षं झाली. बाहेर आल्यावर बाकावर बसून ती म्हणाली, म्हणजे तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. शेक द्यायचा नाही. उष्णतेने शिरा आणखी फुगतात, दुखणं वाढतं. तेव्हा अपाने माझा हात दाबला. तू दर उन्हाळ्यात कढईत मीठ भाजून पिशवीत भरायचीस आणि तिच्या पोटावर ठेवायचीस, पोटात बसलेली थंडी निघून जाईल म्हणून. तेच मीठ मलाही पाठवलं होतंस. अपा म्हणाली, की एजेला हे कळू द्यायचं नाही, ती सगळी कामं टाकून माझ्यासाठी बसते.

माझी तारीख ८ सप्टेंबरची होती. ती मी मोडते आहे. तेव्हा अपाच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी चार दिवसांवर असेल. सासूबाई म्हणतात, की आईच्या कबरीवरची माती अजून ओली आहे आणि ही निघाली दुखणं काढायला. त्यांचं मी मनावर घेतलं नसतं. पण मलाच बरं व्हायची लाज वाटते.

रागावलीस तरी टाकू नकोस मला.

तुझी,
जिपार

* * *

कुरण
२४ ऑगस्ट २०२२

चि. जिपार, आशीर्वाद.

पत्र परवा आलं.

जुलैत अपा इथे महिनाभर होती. तिला सगळं माहीत होतं. मी नऊ वेळा मीठ भाजलं. दोनदा ती म्हणाली, की आज राहू दे, आता फारसं दुखत नाही. मी दटावलं तिला, की लहान मुलासारखं करू नकोस, गप पड. ती गप पडली. वर म्हणाली, बरं वाटतंय. कुरणावरून खाली उतरले की शाळेत मी मुलांना शिकवते, की समजलं नाही तर विचारा. मी तिला एकदाही विचारलं नाही, की नक्की कुठे दुखतं. आता विचारायला माणूस नाही.

तू सांगितलंस ते बरं केलंस की वाईट, मला ठरवता येत नाही. राग आला आहे, तुझा नाही.

तारीख मोडू नकोस. मोडली असशील तर आजच जाऊन परत घे. चाळिसाव्याला तू नसलीस तर बायका बोलतील. मी सांगेन, की मी धाडलं तिला, काय बोलायचं ते मला बोला. लाज वाटत असेल तर लाज वाटत असतानाच जा. मी पाठवलेलं मीठ फेकून दे.

दवाखान्यात मी येणार नाही. तुझ्या उशाशी बसले तर माझे हात पुन्हा काहीतरी गरम करायला उठतील. त्यांना दुसरं काही येत नाही.

झालं की एका ओळीत कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ओसमोन चुकलेली घोडी शोधायला गेला आहे, संध्याकाळशिवाय येत नाही. माझं जेवण राहिलंय. सकाळची रोटी आहे, वाटीभर दही आहे. जेवून घेते.

बुरुल