वैद्य दामोफोन यांचा बाक

सगळं कुशल राहो. पण माणसाचं सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी, कल्लिस्त्राता, कोस बेटावरील दिवंगत वैद्य दामोफोन यांची पत्नी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या मालमत्तेची पुढीलप्रमाणे व्यवस्था करत आहे. आमच्याकडे बाईचं लेखी बोलणं पुरुष पालकाशिवाय ग्राह्य धरत नाहीत, म्हणून माझे दीर आगेसियास शेजारी बसले आहेत. अक्षर मात्र माझं आहे. देवळातल्या लिसान्द्राबाईंनी छडी हातात घेऊन गिरवून घेतलेलं. ते सुबकच येणार.

राहतं घर आणि टेकडीवरचा द्राक्षमळा मुलगा फिलिस्कोस याला. त्याबद्दल वाद नाही. मागच्या अंगणातलं अंजिराचं झाड शेजारीण फिलिन्नाने आपलं म्हणू नये. फांद्या तिच्या भिंतीवरून गेल्या म्हणून मूळ तिकडे जात नाही. अंजिरं मात्र तिने खुशाल न्यावीत, नाहीतरी नेतेच.

चांदीची केसपिन आरोग्यदेवाच्या देवळाला, आणि देवाच्या सापांसाठी दर सणाला मधाची पोळी. मी पोरकी, त्याच अंगणात वाढले. पहाटे सरूखाली झाडलोट, मग स्तोत्रं, मग धुळाक्षरं. लिसान्द्राबाई कडक, पण थंडीत आपलं पांघरूण माझ्यावर घालायच्या आणि सकाळी म्हणायच्या, "देवाने घातलं असेल." सरूचा वास आला की अजून मला ते पांघरूणच आठवतं.

आता मुख्य गोष्ट. हाडं ओढून बसवायचा बाक, काशाच्या तुंबड्या आणि बंदराच्या रस्त्यावरचा दवाखाना कोणाला, यावरून घरात दोन तट आहेत. माझा निर्णय कळायला मागचं थोडं सांगायला हवं.

मी वयात येत असताना तापाने पडले. देवळातल्या ओवरीत मला निजवलं, की स्वप्नात देव येऊन बरं करील. देव आला नाही, दामोफोन आले. आमच्या वैद्यांची रीत अशी, की रोग्याजवळ बसलं की पुढे काय होणार ते आधी सांगायचं. ते खरं ठरलं तर लोक विश्वास टाकतात. त्यांनी जीभ पाहिली, पोट चाचपलं आणि सर्वांदेखत सांगितलं, "पोर वाचत नाही."

मी वाचले. देवाने बरं केलं म्हणून देवळात माझ्या नावाची पाटी लागली आणि वैद्यांचं गावभर हसं झालं. दुसरा कोणी गलबत पकडून पुढच्या बेटावर गेला असता. हे परत आले आणि विचारू लागले, "घाम कधी आला? आधी पाय गार पडले होते का? माझं काय पाहायचं राहिलं?"

लिसान्द्राबाई भडकल्या. "पोरगी जगली याचं दुःख झालंय का तुला?"

"नाही, बाई. ही कशी जगली ते कळलं तर पुढचीही जगेल."

इतक्या वेळा आले, की शेवटी बाईच म्हणाल्या, "लग्न कर आता हिच्याशी. म्हणजे घरी बसून विचारशील."

पुढे प्रत्येक नव्या शिष्याला ते या बाकापाशी उभं करत आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "ही माझी चूक. मसुराची आमटी फार छान करते."

या वसंतात माझ्या पोटात गाठ लागली. मी फिलिस्कोसला आणि धाकट्या मुलीला, मिर्तालीला, बोलावलं; दोघंही बापाच्या हाताखाली वैद्यकी शिकलेली. म्हटलं, "रीतीप्रमाणे सांगा."

फिलिस्कोस दारातूनच हसला. "आई, तू आम्हा सगळ्यांना पोचवशील!"

"पोट चाचपलंस?"

"चाचपायचंय काय त्यात? चेहऱ्यावर तेज आहे."

श्रीमंतांना असलं बोलणं आवडतं. त्याला जेवणाची आमंत्रणं उगाच येत नाहीत.

मिर्तालीने हात धुतले, शेकोटीवर ऊन केले आणि बराच वेळ गाठीभोवती बोटं फिरवली. मग म्हणाली, "आई, द्राक्षं तोडायच्या आत."

"दुखेल?"

"शेवटी दुखेल. अफूचा रस देईन. मी इथेच असेन."

"अगं, आईशी जरा गोड बोल!" आगेसियास ओरडले.

"काका, गोड बोलायला दादा आहे ना."

म्हणून बाक, तुंबड्या आणि दवाखाना माझी मुलगी मिर्ताली हिला. वैद्यकुळातली वडीलधारी मंडळी म्हणतील, वैद्यांच्या शपथेत विद्या मुलग्यांना द्यावी म्हटलंय, मुलींना नाही. ठाऊक आहे मला. पण तिच्या बापाने तिला शिकवलंय, आणि शिकवून झालेलं परत घेता येत नाही. फिलिस्कोसने दवाखान्यात यावं, बहिणीच्या परवानगीने.

हे वाचून आगेसियास म्हणतायत, "वहिनी, फिलिस्कोस रागावेल."

रागावू दे, भाऊजी. निदान त्या रागात येऊन माझं पोट तरी चाचपेल.

शेवटचं कलम. द्राक्षं तोडून झाली आणि मी अजून अंगणात अंजिरं निवडत बसलेली दिसले, तर हे मृत्युपत्र रद्द समजू नये. मिर्तालीने शिष्यांना बाकापाशी उभं करावं, माझ्याकडे बोट दाखवावं आणि सांगावं, "ही माझी चूक." मग मला विचारायला बसावं. त्या दिवशी तो बाक जास्तच तिचा होईल, आणि आमटी मी करीन.

साक्षीदार: सोसिक्लेस, जहाजसुतार. मीदोन, दामोफोन यांचा शिष्य. पालक म्हणून आगेसियास यांची मोहर, नाराजीने पण सरळ उमटलेली.

कोस, बंदराजवळच्या घरी, वेलींना फुलोरा धरला असताना, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी.

कल्लिस्त्राता