बाद केलेल्या दीर्घिका

बंगळूर, २ एप्रिल १९८९

माय, पाया पडते आणि लगेच रडगाणं सुरू करते. भिकनभाऊ वाचून दाखवेल.

तब्येत बरी आहे, वेळेवर जेवते. पण आखाजीच्या सणाला सोनगीरला येणं जमत नाही. आठ महिन्यांचं काम पुन्हा करायचंय.

आकाशाच्या फोटोतल्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे अफाट घोळके, मी आपला कापूस निवडावा तशा निवडल्या. ठळक तेवढ्या ठेवल्या. फिकट दिसली की किडक्या बोंडातला डागी कापूस, कवडी समजून बाद! आता सर म्हणतात, गुरुत्वाकर्षणाचा नवा नियम खरा की खोटा, ते फिकटच सांगतील. या फिकट दीर्घिकांची स्वतःची पकड ढिली. नियम खरा असेल तर मोठ्या दीर्घिकांच्या गर्दीत त्या विस्कटलेल्या दिसायला हव्यात. हे आधी सांगायला काय झालं होतं? सरांवर चिडले, मग स्वतःवर.

आबांचा गुडघा कसा आहे? आखाजीला माझ्या वाट्याचा झोका कमलअक्काला घेऊ दे.

दुपारी वैतागून आडवी झाले, तेव्हा आठवलं. कवडी तू कधीच टाकली नाहीस. म्हणायचीस, “फेकू नको, बठ्ठी ठेव, उशीमा भरसू.” आणि सगळी उशीत भरायचीस.

ती उशी इथे आणलीय, माय. रोज तिच्यावरच झोपते आणि रोज उठून फेकत बसले.

तुझी लेक,
मंगला