ओंडका ओरडत नाही

आबा, तुम्ही गेल्यावर तुमची होडी विकायची असं सगळ्यांनी ठरवलं होतं, आणि मी ती विकू दिली नाही. तुम्हाला हे आवडलं नसतं. कॉलेजात असताना मी एकदा धक्क्यावर, सगळ्या उतारूंसमोर, इंजिनाची दोरी ओढली, तेव्हा तुम्ही माझा हात झटकून म्हणालात, "घरी जा. पानी बाईचं ऐकत न्हाई." उतारू हसले, तुम्हीही हसलात. आज धरणापलीकडच्या वाड्यांतल्या माणसांची ने-आण मीच करते. पाणी माझं ऐकत नाही, खरं आहे. ते तुमचंही ऐकत नव्हतं.

तुमचा एकच नियम होता, सूर्य डोंगराआड गेला की इंजिन बंद. पलीकडून कुणी कितीही हाका मारल्या तरी तुम्ही जायचा नाहीत. तो नियम मी बरीच वर्षं पाळला. धाकट्या काकांच्या मुलाने मात्र स्पीडबोट आणली आणि हिंजवडीकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो अंधारातच फिरवायला लागला, तेही दिवा न लावता, सुसाट. मी म्हटलं, "अरे, पुढं दिवा तरी लाव. सांजच्याला कातकरी लोक जाळी लावत्यात." तर म्हणाला, "दिव्यानं चांदणं दिसत न्हाई, ताई. गिऱ्हाइकाला मजा पायजे."

त्या शनिवारी दिवेलागणीला मी होडी बांधत होते. पाण्यावरून त्याच्या बोटीचा आवाज आला, मग एक धप्प, मग काहीच नाही. थोड्या वेळाने बोट हळूहळू धक्क्याला लागली. गिऱ्हाइकं उतरायला लागली. त्यातली एक मुलगी एवढंच म्हणाली, "कुणीतरी ओरडलं होतं. आई गं, असं." भाऊ म्हणाला, "ओंडका हुता. पानी उतरलंय, ओंडके वर आल्यात." तेवढ्यात काठावरून एक बाई पळत आली. तिचा नवरा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळं लावायला गेला होता. "माजा मानूस हाय तितं," ती म्हणत राहिली. मी भावाला म्हटलं, चल. तो मान खाली घालून म्हणाला, "इंजिनात पानी गेलंय. आन् तू तरी कुटं निघालीस या अंधारात? आबा असतं तर जाऊ दिलं असतं का तुला?" मी म्हटलं, "आबा न्हाईत हितं. मी हाय."

आम्ही दोघींनी लाइफ जॅकेट घातली. टॉर्च मी होडीच्या टोकाला बांधली. माणूस चालेल त्या वेगाने निघालो आणि जरा जरा वेळाने इंजिन बंद करून ऐकत राहिलो. ती हाक मारते, मी ऐकते. डोंगर तिचाच आवाज परत देतो. मग एकदा डावीकडून कण्हणं येतं, डोंगराचं नसलेलं. तिथून पुढे मी इंजिन लावलंच नाही, वल्ह्याने गेले. ट्यूब फुटली होती, तो जाळ्याच्या दोरीला एका हाताने लटकला होता. दुसरा हात कोपरातून भलतीकडेच वळलेला. त्याला वर ओढताना होडी इतकी कलली की पाणी आत आलं. तिने त्याला छातीशी धरलं आणि पहिलं काय केलं असेल, तर शिव्या दिल्या.

तो पौडच्या दवाखान्यात असतानाच आपल्या घरी बैठक बसली. काका म्हणाले, "पोलीस इचारतील. घरचं पोर हाय, ओंडका हुता म्हनायचं." मी म्हटलं, "ओंडका आई गं म्हनून ओरडत न्हाई, काका." मग त्यांनी तुम्हाला मध्ये आणलं, "आबाचं नाव बुडवशील." खरं बोलल्याने बुडत असेल तर बुडू दे, असं मी तुमच्या फोटोसमोर म्हणाले. दुसऱ्या दिवशी पौडला जाऊन जबाब दिला. भावाची बोट आता ताडपत्रीखाली काठावर पडून आहे, केस चालू आहे. काकू माझ्याशी बोलत नाही, हळदीकुंकवाला बोलवत नाही. न बोलवू दे. त्या माणसाचा हात वाकडाच जुळला, तरी तो जाळं लावतो.

आणि आबा, तुमचा नियमही मी मोडलाय, कायमचा. पलीकडे कुणी आजारी पडलं, हाक आली, तर मी अंधारातही जाते. दिवा लावून, सावकाश, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणालाही न घेता. सहलीला म्हणून कुणी कितीही गळ घातली तरी नेत नाही. तुम्ही रागावाल तर रागवा. त्या हाका ऐकून तुम्हाला झोप कशी लागायची, हे मात्र मला विचारायचं होतं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगते. त्या संध्याकाळी दोरी ओढण्याआधी मी हळूच म्हणाले होते, "आबा, जाते." परवानगी मागितली नव्हती. पण दोरी हातात धरून जराशी थांबले होते, तुम्ही काय म्हणता ते ऐकायला.